दुसरं रीळ

मुलानं रात्री पावणेअकराला एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, 'आई, यात तुझ्या धंद्यातला माणूस आहे. म्हणजे, होता.'

सत्तावीस वर्षं मी विम्याचं काम करते. सांगलीत गावभागापासून विश्रामबागेपर्यंत अशी गल्ली नसेल जिथं माझा एखादा पॉलिसीवाला नाही, आणि अशीही नसेल जिथं मला लांबून बघून कुणी घाईघाईनं आत वळत नाही. सिनेमावाल्यांनी तर आमच्या जमातीला कधी धड वागवलेलंच नाही. तेव्हा पडद्यावर विमा एजंट म्हटल्यावर मी जरा सावरूनच बसले.

लिंक उघडली तर जाड्या आणि रड्या.

मराठीनं या दोघांचं बारसं इतकं चोख केलंय की लॉरेल कोण आणि हार्डी कोण हे आजही मला थांबून आठवावं लागतं. रड्या म्हणजे लॉरेल, जाड्या म्हणजे हार्डी. फिल्मचं नाव 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी', शतकातली लढाई. हॅल रोचच्या स्टुडिओत क्लाइड ब्रकमननं केलेली, दोन रिळांची, वीसेक मिनिटांची. पडद्यावर आली ३१ डिसेंबर १९२७ ला. तोवर सिनेमाला कंठ फुटला होता. 'द जॅझ सिंगर' त्याच ऑक्टोबरात लागून गेला होता. मूकपटांची वात संपत आलेली, आणि हे दोघं त्या उजेडात एकमेकांच्या पायात पाय घालून पडत होते.

पहिल्या रिळात मुष्टियुद्ध. रड्या बॉक्सर आणि जाड्या त्याचा मॅनेजर, यावरूनच काय ते ओळखावं. त्या वर्षी सप्टेंबरात शिकागोला डेम्प्सी आणि टनी यांची लढत खरोखरच गाजली होती. टनी खाली पडला, पण डेम्प्सी नियमाप्रमाणे लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहीना म्हणून पंचांनी आकडे मोजायला उशीर केला. तेवढ्या उसंतीत टनी उठला आणि शेवटी जिंकलाही. फिल्ममध्ये रड्याच्या हातून चुकून समोरचा धिप्पाड गडी आडवा होतो, आणि मग हाही कोपऱ्यात जात नाही. पुढचं सांगायला नको.

मग जाड्याला एक विमा एजंट गाठतो. या तुझ्या मित्राच्या नावानं अपघाताची पॉलिसी काढ, तो कुठं पडला-झडला तर पैसे तुला. जाड्या पॉलिसी काढतो, केळं आणतो आणि साल रड्याच्या वाटेत टाकत सुटतो. माझं धंद्यातलं मत विचाराल तर हा क्लेम पहिल्याच टेबलावर उडाला असता. दुसऱ्याच्या जिवाचा विमा काढायचा तर त्याच्या जगण्यात तुमचं काही हित असावं लागतं, आणि मुद्दाम घडवून आणलेल्या पडण्याला कुठलीच कंपनी अपघात म्हणत नाही. शिवाय सालीवर लाभार्थीच्याच हाताचे ठसे!

हा एजंट यूजीन पॅलेट नावाच्या नटानं केला होता. मुलाच्या निरोपातलं 'होता' इथं येतं. फिल्म जवळजवळ पूर्ण सापडली आहे, अपवाद या प्रसंगाचा. त्या जागी स्थिरचित्रं आणि पाट्या लावून वेळ भागवलीय. एवढी शोधाशोध केली, फिल्म पुसली, जोडली, आणि त्यातून नेमका विमा एजंट तेवढा बेपत्ता. लोक आम्हाला टाळतात हे ठाऊक होतं. फिल्मही टाळते हे नवीन.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या रिळाबद्दल.

केळीच्या सालीवरून रड्या घसरत नाही. घसरतो तो बेकरीतून पायांचा ट्रे घेऊन बाहेर पडलेला माणूस. पाय म्हणजे आपले नव्हेत, गोऱ्यांचे. मैद्याच्या पारीत गोड सारण, वर मलईचा थर, ताटलीएवढा आकार. त्या माणसाचा राग जाड्याच्या तोंडावर उमटतो, तिथून पुढं गल्लीतला एकेक जण ओढला जातो आणि बघता बघता अख्खा रस्ता एकमेकांना पाय फेकून मारत असतो. एका दुकानाच्या नव्हे, एका कारखान्याच्या दिवसभराच्या मालाचा त्यात चुराडा झाला, तीनेक हजार पाय उडाले, असं सांगतात. तोंडावर पाय मारण्याचा विनोद १९२७ साली शिळा झाला होता, आणि ते या मंडळींना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ठरवलं की मारायचेच तर इतके मारू की पुन्हा कुणाला मारायला जागाच उरू नये.

गंमत अशी की मी हे पाय उडताना आधीही पाहिले होते. दूरदर्शनवर की कुठं, कुठल्या तरी जुन्या विनोदी तुकड्यांच्या जोडकामात. तेव्हा ती नुसती धुमश्चक्री होती. फटाफट पाय, फटाफट तोंडं. आपण 'धमाल' म्हणतो आणि दोन मिनिटांनी विसरतो, तशी.

आणि आता संपूर्ण रीळ पाहिलं तर धुमश्चक्री फार थोडी. बाकी सगळा शिष्टाचार! ज्याला पाय लागतो तो आधी स्तब्ध उभा राहतो. मग दोन बोटांनी डोळ्यांवरची मलई निपटतो. कुठून आला ते बघतो. मग घाई न करता, एखाद्या लग्नात आहेर द्यायला निघाल्यासारखा, पायाच्या गाडीपाशी चालत जातो, त्यातला एक निवडतो आणि नेम धरतो. तोवर बाकीचे काय करतात? वाट बघतात. कुणी पळत नाही, कुणी मध्ये पडत नाही. ज्याची पाळी त्याची पाळी. आणि नेम चुकून तिसऱ्यालाच लागला की त्याचा मान सुरू. दाताच्या डॉक्टरकडे एक पेशंट आ वासून बसलेला असतो, त्याच्या आ मध्ये पाय. तो बिचारा काही बोलतही नव्हता!

शेवटाकडे अनिटा गार्विन येते. कोपऱ्यावरून वळते, तोऱ्यात चालते, आणि फुटपाथवर पडलेल्या एका पायावर घसरून मट्‌कन बसते. उठते. नक्की काय झालंय ते तिला कळलंय, पण कळलंय हे रस्त्याला कळू द्यायचं नाहीय. मग तिनं एक पाय (हा आपला, शरीराचा) किंचित झटकला, पुन्हा झटकला आणि तशीच ताठ मानेनं निघून गेली. तेवढं मी चार वेळा मागं घेऊन पाहिलं. मार्केट यार्डासमोर भर पावसात स्कूटीवरून पडल्यावर मीही अशीच उठले होते, त्यामुळे मला तिचा प्रत्येक स्नायू ओळखीचा वाटला.

हे रीळ हरवलं कसं, याची गोष्ट मला फिल्मइतकीच आवडली. १९५७ साली रॉबर्ट यंगसन नावाच्या माणसानं जुन्या मूकपटांतले वेचे जोडून 'द गोल्डन एज ऑफ कॉमेडी' केला. त्यात या मारामारीतली तीनेक मिनिटं घेतली. लोक हसून लोळले. जाड्या-रड्याचं नाव पुन्हा निघालं, आणि या तीन मिनिटांनाच सगळे फिल्म म्हणू लागले. मूळ निगेटिव्ह तोवर नासत चालली होती. त्या काळची नायट्रेटची फिल्म म्हणजे सुरुंगाच्या दारूची चुलतबहीण. पेटली तर पाण्याखालीही जळत राहते. न पेटता नुसती पडून राहिली तर आधी चिकट होते, मग मधासारखे बुडबुडे धरते, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी. पहिलं रीळ सत्तरच्या दशकात हाती लागलं. दुसऱ्याची आशा सोडलेली होती.

आणि ते होतं. यंगसनकडच्या सोळा मिलिमीटरच्या एका प्रतीत ते पुरतं होतं. यंगसन गेला, त्याच्या वस्तू गॉर्डन बर्को या संग्राहकाकडे गेल्या, तोही गेला, आणि २०१५ साली जॉन मिरसालिस यांनी तो संग्रह घेऊन एकेक रीळ तपासायला काढलं तेव्हा हे निघालं. हे गृहस्थ पेशानं विषशास्त्रज्ञ. फावल्या वेळात मूकपटांना पियानोची साथ करतात. ज्यानं वेचा काढला त्याच्याच घरात अख्खं रीळ जगलं, आणि वेचा बघितलेल्या जगाला अख्ख्याची भूक लागली नाही म्हणून ते जवळपास साठ वर्षं कुणी मागितलं नाही.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ साली एक अहवाल काढला. १९१२ ते १९२९ दरम्यान तिकडे निघालेल्या जवळपास ११,००० लांब मूकपटांपैकी मूळ रूपात पूर्ण उरलेत ते अवघे १४ टक्के. आपल्याकडे तेवढंही नाही. तेराशेच्या वर मूकपट या देशात निघाले, त्यातले पाच टक्केसुद्धा राहिलेले नाहीत. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळं होती, त्यातलं पहिलं आणि शेवटचं तेवढं आपण बघू शकतो. म्हणजे राजा आधी सुखात आहे आणि नंतर पुन्हा सुखात आहे; मधला बराचसा छळ गायब. (या फाळक्यांनीही 'मोहिनी भस्मासुर'च्या जोडीला एक छोटी विनोदी फिल्म केली होती. नाव 'पिठाचे पंजे'. त्यांची मलई, आपलं पीठ.)

आमच्या घरातही असाच एक वेचा आहे.

'खरसुंडीच्या जत्रेत आबांनी भलतंच रीळ लावलं आणि पब्लिकनं त्यांना चिरमुरे फेकून मारले.'

बस्स, एवढीच गोष्ट. लग्नात, बारशात, दिवाळीच्या फराळाला, कुणी भडंगाचा बोकाणा भरला की कुणीतरी ही काढायचंच. आबा, म्हणजे माझे आजोबा, स्वतः सांगायचे तेव्हा तर फारच लवकर संपायची. तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात जायच्या आत. सगळे हसायचे. मीही हसायची. आबा जाऊन तीस वर्षं झाली, पण गोष्ट तशीच, तेवढीच, त्याच शब्दांत.

आबा टूरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. थंडी सुरू झाली की ट्रकवर तंबू, मशीन, जनरेटर, खांब लादायचे आणि जत्रा धरत हिंडायचं. पुसेगाव, म्हसवड, खरसुंडी. उन्हाळा संपला की घरी. मशीनच्या दिव्यात कार्बनच्या दोन कांड्या असायच्या, त्यांच्या टोकांमध्ये लखलखीत ज्योत. कांड्या जळत जातील तशा हातानं पुढं सरकवायच्या. जरा लक्ष चुकलं की पडदा पिवळा पडणार, मग काळा, मग पब्लिकच्या शिट्ट्या. आबांना त्यामुळे कुठल्याच गोष्टीत रेंगाळायची सवय नव्हती. जेवतानासुद्धा मध्येच मान वळवून मागं बघायचे.

आमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं 'सीता स्वयंवर' केलं, त्याची आठवण म्हणून पाच नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन. देवल आमचे, खाडिलकर आमचे. त्याचा मला अभिमान आहेच, पण तंबूतल्या ऑपरेटरला या पंढरीत पायरीसुद्धा नाही. आबा त्यावर म्हणायचे, नटाला तोंड असतं, आम्हाला पाठ.

त्यांची एकच इस्टेट होती. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा. फिल्म तुटली की दोन्हीकडच्या खराब झालेल्या चौकटी कापायच्या, टोकं ब्लेडनं खरवडायची आणि सिमेंट (म्हणजे फिल्म चिकटवायचा द्राव) लावून जोडायची. ते कापलेले तुकडे आबा टाकत नसत. डब्यात भरून घरी आणत. आम्ही भावंडांनी त्यावर घरचं थिएटर चालवलं. खोक्याला भोक, त्यात फ्यूज झालेला बल्ब पोट साफ करून पाण्यानं भरलेला, म्हणजे भिंग. बाहेर अंगणात एकानं आरसा धरून ऊन आत सोडायचं. मग माजघराच्या भिंतीवर कुणाचा तरी अर्धा चेहरा, घोड्याचे चार पाय, एक उघडं दार. आरसा धरणाऱ्याला पिक्चर कधीच दिसायचा नाही, म्हणून त्याला दुप्पट चिरमुरे, असा करार होता. आरसा धरायला बहुतेकदा मी असे. तेव्हापासून मला प्रीमियम आणि परतावा यांचं नातं कळतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आली. गावभागातल्या माणसाला पुराचं कौतुक नसतं, हिशेब असतो. आमच्या भिंतीवर २००५ ची रेघ होती. पाणी चढू लागल्यावर सगळ्या गल्लीनं आपापलं सामान त्या रेघेच्या वर ठेवलं आणि निर्धास्त घरं सोडली. आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ची रेघ पाण्याखाली बुडून दिसेनाशी झाली. आमचा माळा तिच्या वर हातभर होता. तो पुरला नाही.

पाणी उतरल्यावर पहिले तीन आठवडे मी स्वतःच्या घरी फिरकलेच नाही म्हटलं तरी चालेल. प्रत्येक पॉलिसीवाल्याचा फोन. फोटो काढा, पंचनाम्याची प्रत घ्या, गाळ धुण्याआधी फोटो, धुतल्यावर नको. त्या वीस दिवसांत कुणीही मला बघून आत वळलं नाही. घरचा माळा उघडला तेव्हा डबा जागेवरच होता, फक्त त्याचं झाकण आतून फुगून वर आलं होतं.

आतला सगळा ऐवज मिळून एक वडी झाली होती. काळपट, गुळगुळीत, पेंडखजुरासारखी. फिल्मवर चित्र असतं ते जिलेटिनच्या पातळ थरात. आठवडाभर पाण्यात राहिल्यावर त्याची जेली होते. मी वरचा तुकडा नखानं सोडवायला गेले तर पट्टी पारदर्शक होऊन हातात आली आणि चित्र माझ्या अंगठ्यावर. काळा, ओला, थंड लेप. नीट पाहिलं तर त्यात अजून काहीतरी आकार होता, बहुतेक खांदा. मी अंगठा उजेडात धरला, दुसऱ्या हातानं फोन शोधला, तेवढ्यात तो ओघळला. डब्याच्या अगदी मधली एक पट्टी तेवढी वाचली. अकरा चौकटी. एका कोपऱ्यात काहीतरी पांढरं फडफडतंय. जाड्या-रड्याची फिल्म पाहिल्यापासून माझ्या डोक्यात हेच घोळत होतं की ते पांढरं म्हणजे फेकलेला पाय असू शकेल. आबांचं 'भलतंच रीळ' कोणतं होतं, हे आयुष्यात पहिल्यांदाच विचारावंसं वाटलं.

विचारायला आता एकच माणूस उरलंय. आत्या.

आत्या हरिपूरला राहते. सांगलीपासून जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी. एका रविवारी मुलाचा टॅब, ती अकरा चौकटींची पट्टी आणि पावशेर भडंग घेऊन गेले. आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. वय सत्त्याहत्तर. ऐकू चांगलं येतं. नको ते येत नाही.

मी गोष्ट सांगायला सुरुवात केली. फिल्म हरवलेली, सापडलेली वगैरे. कॅनडात डॉसन सिटी नावाच्या गावी १९२९ साली नको झालेली रिळं एका बुजवायच्या पोहण्याच्या तलावात भरावाला टाकली होती. १९७८ साली खोदकामात पाचशेच्या वर निघाली. गोठलेल्या जमिनीत राहिली म्हणून टिकली.

"म्हणजे पेवच की," आत्या म्हणाली.

मी गप्पच झाले. हरिपूरच्या माणसाला हे सांगायला गेले होते! इथल्या मातीत पिढ्यानपिढ्या हळदीची पेवं होती. जमिनीखाली मोठाले रांजणासारखे खड्डे, वरून तोंड बंद, आत हवा नाही की कीड नाही. हळद वर्षानुवर्षं राहायची. २००५ च्या पुरानं त्यांची वाट लावली.

"आणि मारामारी कसली म्हणालीस?"

"पायांची."

"म्हणजे लाथाळी."

"नाही गं, पाय म्हणजे केकसारखं असतं. तोंडावर मारतात."

"खायचं सोडून?" तिनं टॅब हातात घेतला, पदरानं काच पुसली आणि बघू लागली. मी तिच्याकडे बघत होते. मुष्टियुद्धात ती हसली नाही. एजंटच्या पाट्या आल्यावर म्हणाली, "हे तुझं." केळीच्या सालीला "आता पडणार" म्हणाली आणि पायवाला पडल्यावर "दुसराच पडला मेला" म्हणून खुदकन हसली. नंतर मलईनं माखलेला एकेक जण गाडीकडे चालत जायला लागला तशी तिच्या खांद्याला उचकी लागल्यासारखं व्हायला लागलं. शेंगांचं सूप मांडीवरून कलंडलं. अनिटा गार्विननं पाय झटकला तेव्हा आत्यानं टॅब माझ्याकडे दिला आणि दोन्ही हातांनी डोळे पुसले.

फिल्म संपली. मी श्वास रोखून विचारलं, "हीच होती?"

"कुठली?"

"खरसुंडीला आबांनी लावलेली."

"हे नव्हे," आत्या म्हणाली. "त्यात कुत्रं होतं."

मी ती पट्टी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती उन्हाकडे धरली, एक डोळा मिटला. "हा तर पदर आहे. कुठल्यातरी हिंदी पिक्चरची हिरॉईन आहे. ठेव." आणि शेंगा गोळा करायला लागली.

मग शेंगा गोळा करता करता तिनं सांगितलं ते मी जमेल तसं लिहिते. आत्या तेव्हा नऊ वर्षांची. आजीबरोबर जत्रेला गेलेली. एकाच मालकाचे दोन तंबू होते, जत्रेच्या दोन टोकांना, आणि दोन तंबूंना मिळून पिक्चरची कॉपी एकच. पहिल्या तंबूत रीळ संपलं की सायकलवाला पोरगा ते पोत्यात घालून दुसऱ्या तंबूकडे पळणार. मध्ये जनावरांचा बाजार. त्या रात्री चौथं रीळ घेऊन निघालेला पोरगा खिलारी बैलांच्या दावणीत अडकला. तिसरं संपलं, चौथं येईना. तंबूत शिट्ट्या, पैसे परत द्या, कुणीतरी कनातीची दोरी कापायला निघालेलं. आबांच्या ट्रंकेत एक बिननावाचं रीळ पडलेलं असायचं, कुठल्याशा मोडलेल्या तंबूच्या भंगारात आलेलं. ते त्यांनी चढवलं.

"आवाज नाही, काही नाही. आधी लोक ओरडले. मग एक जाड्या आला, त्याच्या मागं एक वाळका. वाळक्याच्या खांद्यावर शिडी. त्या शिडीत एक कुत्रं अडकलेलं. आम्ही बायका पडद्याच्या मागच्या अंगाला बसायचो, आम्हाला सगळी माणसं डावखुरी दिसायची. एरवी पाट्या उलट्या, वाचता यायच्या नाहीत. यात वाचायचं काही नव्हतंच. पहिल्यांदा आम्हाला पुरुषांइतकंच कळत होतं. पडद्याच्या अलीकडनं हसू, पलीकडनं हसू. तुझी आजी, जन्मात मोठ्यानं हसली नाही, ती माझ्या पाठीत बुक्क्या घालत होती."

"आणि मग चिरमुरे?"

"मग सायकलवाला आला की. मालक केबिनपाशी येऊन ओरडला, बंद कर, पिक्चर लाव. दादांनी मशीन थांबवलं, रीळ बदललं, आणि हिरॉईनचं गाणं सुरू केलं. तेव्हा मारले चिरमुरे." (आबांना ती दादा म्हणते.)

मी तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे भलतं रीळ लावलं म्हणून नव्हे?"

"काढलं म्हणून. दोन्हीकडनं. बायकांनी पण. मी पण मारले, मूठभर." ती जरा थांबली. "दादांचा दोन दिवसांचा पगार कापला मालकानं. तंबू झाडायला माणूस लावावा लागला म्हणून."

"पण आबा तर नेहमी सांगायचे की..."

"दादांना गोष्ट संपवायची घाई. कार्बन जळतोय ना." भडंगाची पुडी सोडून तिनं त्यातला शेंगदाणा तेवढा निवडून तोंडात टाकला. "आणि तेवढ्यावरच तुम्ही हसायचात. मग पुढचं-मागचं कशाला सांगतील?"

ते रीळ पुढं कुठं गेलं, हे तिला ठाऊक होतं. टॉकीज बंद पडली तेव्हा मालकानं सगळी फिल्म वजनावर विकली. फिल्ममधून चांदी काढतात, उरलेल्या पट्ट्या बांगड्यावाले नेतात. शिडी, वाळका, जाड्या, कुत्रं, सगळं कुणाच्या तरी मनगटावर गेलं.

माझ्याकडे बॅगेत प्रपोजल फॉर्मशिवाय कागद नव्हता. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी लिहायला घेतलं. कुत्रं कसलं होतं? पांढरं, एका डोळ्यावर काळा डाग. शिडीत कसं अडकलं? दोन पायऱ्यांच्या मधून डोकं घालून. जाड्याची टोपी कुणी नेली? कुत्र्यानंच. मग जाड्या शिडीला धरून ओढतोय, वाळका दुसऱ्या टोकाला, आणि कुत्रं टोपी सोडत नाहीय. समोरून एक बाई ढकलगाडीत बाळ घेऊन येतेय. शिडी गरकन फिरते...

आत्या थांबली. मी पेन धरून बसले होते.

"मग?"

"मग काय?"

"शिडी फिरली. पुढं काय झालं? कुत्र्याचं काय झालं?"

"काय की," आत्या म्हणाली. "तेवढ्यात सायकलवाला आला."